अंगठा तिचा, अर्जही तिचाच

संघटनेची अध्यक्ष झालीस हे ऐकून मनापासून बरं वाटलं. मळवलीच्या आसपासच्या वाड्यांतल्या बायकांनी एकमताने तुझं नाव घेतलं, यात त्यांचंही शहाणपण आहे. फोनवर तू विचारलंस, "ताई, रेशनचं आधी बघू, नदीचं बघू, की अडवलेल्या रस्त्याचं?" याचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही, म्हणून निवांत बसून लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, पुढचं सगळं तिच्याच भोवती आहे. या बायकांच्या वतीने बोलायची सवय लावून घेऊ नकोस. तुला चार लोकांत बोलता येतं, अर्ज लिहिता येतो, वडगावच्या तहसील कचेरीत कुठल्या टेबलापाशी उभं राहायचं ते कळतं. म्हणूनच सांगते. तू नाही म्हणेपर्यंत सगळ्या वाड्यांची रेशनकार्डं, जातीचे दाखले आणि भांडणं तुझ्या एकटीच्या पिशवीत येऊन पडतील. बायका म्हणतील, "ताई आहे ना, ती बघेल." ऐकायला गोड वाटतं गं. पण असं ज्या संघटनेत होतं, तिथली बाई पाच वर्षांनीही कचेरीच्या दारात चप्पल काढून अंग चोरूनच उभी राहते. मग इतकी वर्षं आपण केलं काय?

सुरुवात रेशनपासून कर. नदीची, जमिनीची भांडणं वर्षानुवर्षं चालतात. रेशनचं फळ महिन्याभरात घरात दिसतं, आणि स्वतः भांडून धान्य घरी आणलेली बाई पुढच्या भांडणाला न बोलावता येते.

लावणीच्या दिवसांत एकदा दुकानाच्या रांगेत नुसती उभी राहून बघ. चिखलात दिवसदिवस रोपं लावून बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली असते. बाई अंगठा ठेवते, मशीन घेत नाही. ती पदराला पुसून पुन्हा ठेवते, मग दुसऱ्या हाताचा ठेवते. मागची रांग कुरकुरते. दुकानदार म्हणतो, "मावशी, रेंज नाही, उद्या या." उद्याचा दिवस म्हणजे लावणीची एक मजुरी बुडाली आणि वाडीवरून पुन्हा तेवढीच पायपीट. ती काही न बोलता पिशवी घडी घालून निघते. धान्य फुकट मिळायला लागल्यापासून तर हे गप्प बसणं वाढलंय. १ जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षेतलं धान्य मोफत आहे, आणि "फुकटचं तर घेतोय, कुठल्या तोंडाने भांडायचं" असं बायकांच्या मनात बसलंय. ते आधी काढ. हे कुणाचं दान नाही. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयच्या घराला पस्तीस किलो. ठरलेलं धान्य मिळालंच नाही, तर त्याबदली भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. अंगठा उमटला नाही म्हणून कुणाला रिकाम्या हाती पाठवू नये, अशा लेखी सूचना केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ सालीच दिल्या आहेत. त्या सूचनांची प्रत मिळव आणि प्रत्येक वाडीत निदान दोघींकडे ठेव. तुझ्याकडे एक असून भागायचं नाही.

आणखी एक कलम बायकांना वाचून दाखव. घरात अठरा वर्षांवरच्या बायका असतील, तर त्यातली सगळ्यात मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असते. हे ऐकल्यावर बायका आधी हसतात, मग एकमेकींकडे बघतात, मग कुणीतरी म्हणते, "पुन्हा वाच." पुन्हा वाच.

कातकरी वाड्यांवर मात्र वेगळं लक्ष दे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. आदिम जमातींना अंत्योदयचं कार्ड द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बजावलं आहे. तरी तू घरोघर फिरलीस की कार्डच नसलेली, नाहीतर लेकराबाळांची नावंच न चढलेली घरं सापडतील. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कचेरीतली तपासणी नेमकी ती गेलेली असताना होते आणि नाव कटतं. एका कार्डावर देशात कुठेही धान्य उचलता येतं, हे भट्टीवर गेलेल्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा सर्व्हे करायचा तो दिवाळीआधी कर. आणि त्यांची यादी त्यांच्यातल्याच एखाद्या शिकलेल्या पोरीला करू दे. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. दारात आपल्यातली पोरगी उभी असली की बाई खरं सांगते. आपण गेलो की "सगळं बरं आहे" म्हणते.

आता तुझ्या नदीच्या आणि रस्त्याच्या प्रश्नाकडे येते. तुझ्या संघटनेतले काहीजण म्हणतील की पोटाचा प्रश्न वेगळा आणि पर्यावरणाचा वेगळा. झाडं, नदी हे पुण्यामुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांचे विषय. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, त्यांना खाचराच्या बांधावर ने.

आपल्याकडे काय होतंय ते तू रोज बघतेस. डोंगराच्या पायथ्याचं शेत विकलं जातं, गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडतात, मुरमाचा भराव येतो, कंपाउंडची भिंत उभी राहते. भिंतीच्या आत गेलेली जमीन ज्याने विकली, त्याचे पैसे त्याला मिळाले. पण वरून येणारं पाणी ज्या चरातून खालच्या खाचरांना जात होतं, तो चर भरावाखाली गेला, आणि खालच्या बाईने काहीच विकलेलं नसताना तिचं भात गेलं. कुठे उलटं होतं, पाणी तुंबतं आणि रोपं कुजतात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून जो इंद्रायणी काढला, तो आज मुंबईच्या दुकानांत मावळच्या नावावर खपतो. तो वास, तो चिकटपणा पिकवणाऱ्या खाचराला पाणी लागतं ते असं, बांधाबांधावरून उतरत आलेलं. ते अडलं की आधी ताटातला भात जातो, मग बाजारात विकायचा जातो, आणि मग तीच बाई बंगल्यावर भांडी घासायला जाते. सांग बरं, यात पर्यावरण कुठे संपलं आणि पोट कुठे सुरू झालं?

यावर एक जुना पण कामाचा कायदा आहे: मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम पाच. शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता अडवला, शेतात येणारं पाणी अडवलं किंवा पाण्याची नैसर्गिक वाट वळवून दुसऱ्याच्या शेताचं नुकसान केलं, तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. अट एकच, अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. आपली माणसं नेमकी तिथेच फसतात. पहिले दोन महिने "बघू, शेजारी आहे," पुढचे दोन महिने पुढाऱ्याच्या मागे, मग दिवाळी, आणि मुदत गेली. म्हणून भिंतीचा पाया खणायला लागल्याचं दिसलं की त्याच दिवशी तारखेसह फोटो, पंचनाम्याची मागणी आणि अर्ज. अर्ज जिचं शेत आहे तिच्या नावाने. मसुदा तू लिहून दिलास तरी तो तिला दोनदा वाचून दाखव आणि कचेरीत तिलाच द्यायला लाव. तिथे ती काय बोलेल त्याची घरी तालीम करा. बाईला नवं काही शिकवायचं नसतं. "माझं पाणी अडवलंय" हे ती घरी दहा वेळा म्हणतेच. ते खुर्चीसमोर म्हणायला सोबत लागते, एवढंच.

आणि पोच घेतल्याशिवाय कुणालाही उठू देऊ नकोस. "ठेवून जा, साहेब आल्यावर देतो" म्हणाले की अर्ज पिशवीत परत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. शिक्का मिळेपर्यंत बायका बाकावर बसून शेंगा सोलतील, काही बिघडत नाही.

नदीचंही असंच. इंद्रायणी आपल्या वरच्या अंगाला कुरवंड्याजवळ उगम पावते आणि आपल्या शेतांजवळून वाहत पुढे देहू-आळंदीला जाते. आळंदीला फेस दिसला की वर्तमानपत्रात फोटो येतो. आपल्याकडच्या ओढ्याला बंगल्यांचं, हॉटेलांचं सांडपाणी सुटतं त्याचा फोटो कुणी काढत नाही. नळपाणी योजनेत, जलजीवन मिशनमध्ये, गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायची तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटात ते किट असेल, कदाचित सीलही फोडलेलं नसेल. ते मागून घ्या. त्यातल्या छोट्या बाटलीत विहिरीचं नाहीतर झऱ्याचं पाणी भरून दिवसभर उबेला ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यातले जंतू आहेत असं समजायचं. मी हे वाड्यांवर पाहिलंय. बाटली काळी पडलेली बघितली की बायका जे बोलतात, तसं भाषण तुला मला दोघींनाही जमणार नाही. हंडा त्यांनी वाहिलेला असतो, हगवणीने तापलेलं पोरही रात्रभर त्यांनीच मांडीवर घेतलेलं असतं. ती काळी बाटली घेऊन ग्रामसभेत त्यांनीच उभं राहायचं.

ओढा आणि रान हे कातकरी-ठाकरांचं दुसरं रेशनच आहे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे, खेकडे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसायला लागतो तेव्हा घर यावरच चालतं. तिथे जायच्या पायवाटेवर कुंपण आलं तर कुठल्याच कागदावर उपासमारीची नोंद होत नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि तो फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, आपल्या तालुक्यालाही लागू आहे. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेतून जातो. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका असाव्या लागतात, आणि वैयक्तिक हक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफांचं ते गाव बाहेर 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेसाठी ओळखलं जातं, पण मला तिथलं मोलाचं वाटतं ते अभ्यास गट आणि सर्वसहमती. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. तुला हे फार संथ वाटेल. पण बहुमताने झालेल्या ठरावात हरलेली बाई दुसऱ्या दिवसापासून येत नाही, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात गरीब असते.

मुळशीचं तुला माहीत आहेच, पण त्यातलं एक अंग लोक सांगत नाहीत. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह धरला, 'जान किंवा जमीन' म्हणत. बायकाही तुरुंगात गेल्या. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कागदावरच्या मालकाला मोबदला पुरेसा होता, नांगर धरणाऱ्याला जमीनच हवी होती. १९२४ पर्यंत लढा संपला, धरण झालं. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर सविस्तर इंग्रजी पुस्तक लिहिलंय, मिळालं तर वाच. शंभर वर्षांनी आपल्यासमोरही तोच पेच आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि चिखलात पाय दुसरीचे. म्हणून कुठलाही ठराव करण्याआधी विचार, यात कुणाचं नाव कागदावर आहे आणि कुणाचं नाही. ज्यांचं नाही त्यांना आधी बोलू दे. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी बायकोच्या नावे केल्या. ते मावळात घरोघर होणं अजून बाकी आहे.

आता जे लिहिते ते लिहिताना हात जड होतो. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर काय झालं, तेव्हा तू शाळेत असशील. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं होतं. नदी वाहती राहिली तरच काठच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार, म्हणून माणसं रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे गेले. दर क्रांतिदिनाला त्यांना हार घातले जातात, भाषणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण तुझ्यासारख्या पुढारणीने यातून आणखी एक काम अंगाला लावून घ्यावं असं मला वाटतं. ज्या दिवशी तू बायकांना रस्त्यावर नेशील, त्या दिवशी कोण कोण आली आहे याची घरच्या फोननंबरासह यादी कर, आणि शेवटची बाई घरी पोचल्याचं कळेपर्यंत तुझा दिवस संपला असं समजू नकोस. अंगावर पिणारं पोर असलेली, गरोदर, एकटी कमावती, यांना पुढच्या ओळीत उभं करायचं नाही, त्यांनी कितीही हट्ट केला तरी. रस्ता अडवायची वेळ फार क्वचित येते. बाकी सगळे मार्ग थकले, पोचपावत्यांची चळत हातात आहे आणि निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलाय, तरच. कुणा उमेदवाराला निवडणुकीआधी गर्दी हवी आहे म्हणून कधीच नाही. तुला लवकरच असं बोलावणं येईल, गाडीही दारात येईल. गोड बोलून नाही म्हण.

दरम्यान घरातल्या भांडाराचं काहीतरी उभं कर, कारण नुसत्या मागण्यांवर बायका किती दिवस येतील? मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे धान्य बँक. घाटाखाली कर्जतजवळ कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांवर हे केलंय. पावसाळ्यात घरातलं संपलं की सावकाराकडून खावटी उचलायची आणि सुगीला दीडपट-दुप्पट फेडायची, ही आपल्याकडचीही जुनीच गोष्ट. धान्य बँकेत प्रत्येक घर सुगीला थोडं भात टाकतं. आषाढात लागेल तेवढं उचलायचं, सुगीला थोड्या वाढीने परत करायचं. ती वाढ वाडीच्याच कणगीत राहते. दोन पथ्यं पाळ. माप सगळ्यांसमोर एकाच पायलीने घालायचं, आणि कणगीच्या खोलीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगवेगळ्या घरांत. यातली एकही किल्ली तुझ्याकडे नको. त्या बँकेतच थोडं बियाणं ठेवायला लागा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या बियाण्यांपासून सुरुवात केली. पुढे बायफची साथ मिळाली, २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव आलं. शाळा न शिकलेल्या बाईने शास्त्रज्ञांना बियाणं समजावून सांगितलं, हे तुझ्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना सांग. जुन्या भाताची, वरी-नाचणीची नावं त्यांना अजून आठवतात. त्या लाजतात, कारण आजवर कुणी विचारलेलं नाही.

पैशाचं थोडक्यात. संस्था नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयात जुन्याच कार्यकारिणीची नावं आहेत का बघ, आणि बदल अर्ज नव्वद दिवसांत दाखल कर. जमाखर्च दर महिन्याला बैठकीत मोठ्याने वाचायचा. भिंतीवर लावलेला कागद निम्म्या जणींना वाचता येत नाही.

राहिलं तुझं घर. तुझा नवरा आज कौतुक करतोय, पण मीटिंग लांबली आणि शेवटच्या लोकलने मळवलीला उतरलीस की सासूचा चेहरा बदलेल. हे प्रत्येकीच्या घरी होतं. घरच्यांना एकदा बैठकीला घेऊन ये, तू करतेस काय ते त्यांना डोळ्यांनी दिसू दे. बैठकाही चुलीच्या वेळा सोडून ठेव. संध्याकाळी सहाच्या बैठकीला फक्त सुना असलेल्या सासवा येतात, आणि मग ठरावही सासवांचेच होतात. लावणीच्या पंधरवड्यात बैठक घ्यायचीच नाही, सावडीला जायचं. बांधावर वाकून रोपं लावताना बायका ज्या गोष्टी सांगतात, त्या सतरंजीवर बसून कधीच सांगत नाहीत. वाटेल तेव्हा रडायला माझ्याकडे ये. बायकांसमोर रडलीस तरी बिघडत नाही, पण त्यांनी तुझी समजूत काढत बसावं, असं फार वेळा होऊ देऊ नकोस.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आहे. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते आणि तिची नोटीस लागावी लागते. सोमवारी ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारून ये, नोटीस निघाली का. जाताना ग्रामपंचायतीची पायरी कधीच न चढलेल्या दोघींना बरोबर घे, आणि विचारायचं ते त्यांना विचारू दे. तू मागे उभी राहा. पोचेची प्रत मात्र विसरू नका.